कुंपणाच्या दोन्ही बाजू

चतुर्थी तोंडावर आली, की गोमंतकातील घराघरांतून चुन्याचा आणि रंगाचा वास येऊ लागतो. घरी सुबत्ता असो वा ओढग्रस्त, गणराय येण्यापूर्वी दर्शनी भिंतीवरून एक हात फिरलाच पाहिजे, अंगणातील शेवाळ खरवडले गेलेच पाहिजे, तुळशीवृंदावनाला नवा रंग मिळालाच पाहिजे, हा येथला अलिखित दंडक आहे. त्याची नोटीस कोणी काढीत नाही आणि तो मोडणाऱ्याला कोणी दंडही करीत नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या तो पाळला जात आहे. घराचे माजघर घरधन्याचे असले तरी घराची दर्शनी भिंत वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाची असते, ही जाणीव त्याच्या मुळाशी आहे.

ही अलिखित समजूत आता झपाट्याने लिखित नियमांच्या हाती जात आहे. पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा या शहरांतून गृहनिर्माण सोसायट्या उभ्या राहून बराच काळ लोटला. आता बार्देश-तिसवाडीतील खेड्यांतूनही, एकच प्रवेशद्वार, त्यावर पहारेकरी आणि सभोवार उंच भिंत अशा बंदिस्त वसाहती उठत आहेत. भिंतीला रंग कोणता द्यावा, गच्चीत काय ठेवावे, कपडे कोठे वाळत घालावेत, कुंपण किती उंच असावे, आत कोणी कोणत्या दारातून यावे, या सर्वांचे नियम तेथे कागदावर येतात. नियम केले जातात ही आमची तक्रार नाही. दहा कुटुंबे एका छपराखाली राहू लागली की दहा मते होणारच, आणि नियमाविना त्यांचा निभाव लागणे कठीण. परंतु हे नियम कोण करतो, कशाच्या रक्षणासाठी करतो आणि त्यांचा जाच भिंतीच्या कोणत्या बाजूला होतो, हे प्रश्न आज कोणी विचारीत नाही. ते विचारण्याची वेळ आली आहे.

प्रथम कुंपणाचाच विचार करू. जांभ्याचे दगड एकावर एक रचून, चुना-माती न घालता उभा केलेला गडगा, त्याच्या कडेने मोगली एरंडाची किंवा जास्वंदीची वई, आणि वाटेच्या तोंडाशी दोन खांबांतून आडवे सरकणारे वासे, म्हणजेच बेडे. कोकण-गोमंतकातील कुंपणाचा जुना थाट हा असा होता. ते कुंपण गुरांना अडविण्यासाठी होते. माणसाला अडविण्याचा त्याचा हेतू नव्हता. त्याची उंची कमरेइतकी, फार तर छातीइतकी. त्यावरून शेजारणीशी बोलता येई, कढीलिंबाची डहाळी मागता येई, परसातला फणस पोचता करता येई. पावसाचे पाणी दगडांच्या फटींतून वाट काढून उताराने निघून जाई. बेडे सरकवून कोणीही आत येई, आणि आत आलेल्याने ते पुन्हा लावून घ्यायचे एवढाच शिष्टाचार असे.

त्या काळाचे सोवळे चित्र रंगविण्याचा आमचा मानस नाही. हातभर जमिनीसाठी दोन-दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजविणारे भाऊबंद आमच्या वाचकांना ठाऊक आहेत. रात्रीतून वीतभर पुढे सरकलेला गडगा ही काही दंतकथा नव्हे. कुंपणच शेत खाते ही म्हण आपल्या भाषेत उगाच रूढ झालेली नाही. तसेच वाड्यावाड्यांतील जातीची अदृश्य कुंपणे दगडी गडग्यांपेक्षा कितीतरी उंच होती, हेही विसरून चालणार नाही. तथापि एक गोष्ट खरी. त्या गडग्याने पाणी, वारा आणि वाट या तीन गोष्टी सहसा अडविल्या नाहीत. आजची सिमेंटची भिंत नेमक्या त्याच तीन गोष्टी अडवीत आहे.

पाण्याचे पाहा. आपल्या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. डोंगरउतारावरून येणारे हे पाणी बांध, चर आणि पाणंदींतून वाहत शेता-खाजनांकडे जाते. त्याच्या आड काँक्रीटच्या पायावरची अखंड भिंत उभी केली, की ते थांबत नाही. ते वळते, आणि वळून शेजाऱ्याच्या अंगणात, मातीच्या भिंतीच्या पायाशी, विहिरीच्या काठाशी जाते. पाण्याला एक-चौदाचा उतारा वाचता येत नाही. त्याला जमिनीचा उतार तेवढा कळतो. भिंतीत तळाशी हातभर अंतरावर पाणी जाण्याची भोके ठेवायला फारसा खर्च येत नाही. परंतु आपल्या भिंतीपलीकडे काय होते ते पाहण्याची तसदी बांधणारा घेत नाही आणि परवाना देणारा त्याला ती घ्यायला लावीत नाही.

वाटेचे दुखणे त्याहून जुनाट आहे. देवळाकडे, झरीकडे, शेताकडे, स्मशानाकडे वा नदीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या शेकडो पायवाटा खाजगी भाटांतून गेलेल्या आहेत. त्यांचा दस्तऐवज माणसांच्या पावलांनी लिहिलेला असतो. सर्व्हेच्या नकाशावर त्या कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. जुना भाटकार ती वाट बहुधा मोकळी ठेवी. कधी उदारपणाने, कधी लोकलाजेस्तव, तर कधी मुंडकाराच्या श्रमाची त्यालाच गरज असे म्हणून. ते भाट विकले जाते, नवा मालक दूरच्या शहरातला असतो, त्याने कागदावर पूर्ण चौरस मीटरचा दाम मोजलेला असतो, आणि कागदावर न दिसणारी वाट त्याला अतिक्रमण वाटते. कायदा वाटसरूच्या बाजूला नाही असे नव्हे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यान्वये वीस वर्षे उघडपणे, शांततेने व अखंड वापरलेल्या वाटेचा हक्क प्राप्त होतो. चहूबाजूंनी वेढलेल्या जमिनीच्या मालकाला शेजाऱ्याच्या जमिनीतून वाट मिळण्याचा हक्क १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेनेही मान्य केला होता. पण वाट अडवायला एक रात्र पुरते आणि ती मोकळी करून घ्यायला कित्येक वर्षे लागतात. तोवर म्हातारी माणसे लांबच्या रस्त्याने जाण्याची सवय करून घेतात आणि मुलांना ती वाट कधी होती हेही आठवत नाही.

उंचीच्या बाबतीत तर नियम अगदी स्पष्ट आहे. गोव्याच्या २०१० च्या भूविकास व इमारत बांधकाम नियमावलीप्रमाणे सर्वसाधारण घराची रस्त्याकडील कुंपणभिंत दीड मीटरपेक्षा उंच असता कामा नये. त्यातही भरीव भाग ९० सेंटिमीटरपर्यंतच हवा. वरचा भाग जाळीचा वा गजांचा, म्हणजे आरपार दिसणारा हवा. बाजूच्या व मागच्या भिंती १.८० मीटरपर्यंत भरीव चालतात. रस्त्यांच्या चौकावरील कोपरा गोल करावा लागतो. या आकड्यांमागे शहाणपण आहे. वळणावर समोरून येणारी गाडी दिसावी, अरुंद रस्त्यावर वारा खेळावा, आणि रस्त्याला घराचे व घराला रस्त्याचे दर्शन असावे, हा त्यांचा हेतू आहे. आता आमच्या वाचकांनी आपल्या गावच्या रस्त्याने एक फेरी मारावी आणि पुरुषभर उंचीच्या, वर काचांचे तुकडे किंवा काटेरी तारा बसविलेल्या भरीव भिंती किती दिसतात ते मोजावे. ज्या पंचायतीने वा पालिकेने परवाना दिला, तिच्याच कारभाऱ्यांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर या भिंती उभ्या असतात. त्या दिसत नाहीत असे कोण म्हणेल?

सुरक्षिततेचे कारण हमखास पुढे केले जाते. चोऱ्या होतात हे खरे आहे, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. परंतु उंच भिंत चोराला आत येण्यापासून जितकी अडविते, तितकेच आत आलेल्या चोराला लोकांच्या नजरेपासून झाकते. आरपार दिसणाऱ्या कुंपणाच्या घरात रात्री दिवा वेळीअवेळी लागला, तर शेजारी हाक मारतो. भिंतीआडच्या घरात काय झाले ते तीन दिवसांनी कळते. शेजार हा पहारेकऱ्याहून स्वस्त आणि अधिक जागरूक असतो, हे सत्य भीतीच्या भरात आपण विसरत आहोत.

कुंपणाइतकाच घराच्या निगराणीचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तेथेही नियम करणाऱ्यांनी आधी दगडाची जात ओळखली पाहिजे. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो पावसाळ्यात ओल पितो आणि उन्हाळ्यात ती सोडतो. जुन्या गवंड्यांनी शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा त्याला दिला तो याच कारणाने. चुना ओल आत-बाहेर जाऊ देतो, आणि त्यावर दरवर्षी पातळ हात फिरवला की भिंत दीडशे-दोनशे वर्षे टिकते. त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा व त्यावर प्लॅस्टिकचा रंग चढविला, की आत कोंडलेली ओल फुगे आणते, पोपडे सुटतात आणि चिरा आतून झिजतो. बाहेरून चकचकीत दिसणारे जुने घर आतून पोखरले जात असते. सर्व घरांना एकाच कंपनीचा एकच रंग हवा, असा ठराव जुन्या घरांच्या वस्तीत झाला, तर निगराणीच्या नावाखाली नासाडी सुरू होते. पावसाळ्यानंतर चुन्याचा हात फिरविणे ही केवळ हौस नव्हती. ती दुरुस्ती होती, आणि ती सणाशी जोडल्यामुळे चुकत नसे.

पणजीच्या फोंतायनेशमध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. तो भाग संरक्षित क्षेत्र असल्यामुळे तेथील घरांच्या बाह्यांगात मनाजोगता फेरफार करता येत नाही. ते बंधन योग्यच आहे. ते नसते तर त्या गल्ल्यांची रया केव्हाच गेली असती. परंतु कौलारू छप्पर, लाकडी कठडे आणि चुन्याच्या भिंती जतन करण्याचा खर्च बहुतांशी घरमालकाने सोसायचा, आणि त्या भिंतींसमोर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीचा उपद्रवही त्यानेच सोसायचा, हा न्याय अपुरा आहे. एखाद्याची भिंत साऱ्या राज्याचे भूषण आहे असे शासन म्हणत असेल, तर त्या भिंतीच्या चुन्यात शासनाचाही वाटा असला पाहिजे.

बंद घरांची अवस्था तर पाहवत नाही. आपल्या वारसाहक्काच्या पद्धतीने सर्व मुलांना, आणि मुलींनाही, मालमत्तेत वाटा मिळतो. हे या भूमीचे भूषणच आहे. परंतु दोन-तीन पिढ्यांची वाटणी राहून गेली, की एका घराला वीस-पंचवीस वारसदार होतात. कोणी मुंबईत, कोणी आखातात, कोणी लिस्बनमध्ये वा लंडनमध्ये. घर सर्वांचे असते आणि म्हणून कोणाचेच नसते. कौल सरकते, वाशाला वाळवी लागते, भिंतीत पिंपळ रुजतो. शेजाऱ्याच्या अंगणात भिंत कोसळेपर्यंत कोणी जबाबदार सापडत नाही. मालकी सोडायची नाही आणि निगाही राखायची नाही, हा दुटप्पीपणा आपल्यातील सुशिक्षित घराण्यांनाही शोभणारा नाही.

घराच्या बाह्यांगाविषयीचे नियम या भूमीला नवे नाहीत. पोर्तुगीज अमदानीत पावसाळा सरला की घराला रंग दिलाच पाहिजे असा दंडक होता, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला असे, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. गावे नीटनेटकी दिसत, यात शंका नाही. परंतु सत्तेचा हात एकदा दर्शनी भिंतीपर्यंत पोचला, की तो तेथेच थांबेल याची हमी कोणी द्यावी? १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फतव्यात धर्मांतरितांना अंगणा-परसात तुळस ठेवण्याचीही मनाई केली होती. एक हातभर उंचीचे रोप. पण नियम करणाऱ्याला त्यात त्या घराचे मन दिसत होते आणि त्याला ते मनच उपटायचे होते. १८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. तुळस मात्र राहिली.

परकीयांचीच गोष्ट सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. भाटातल्या मुंडकाराने आपल्या झोपडीची झावळी काढून कौले घालावीत की नाही, मातीची भिंत चिऱ्याची करावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आमच्याच भाटकारांनी, त्यांत हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही आले, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाती ठेवला होता. पक्की भिंत म्हणजे पक्का हक्क, ही त्यामागची भीती होती. निगराणी करण्याची बंदी हाच तेथे नियम होता! १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्या माणसाला घराखालील जमिनीवर हक्क दिला, तेव्हा कोठे त्याला आपल्या भिंतीला निर्धास्तपणे हात लावता आला. तेव्हा बाह्यांगाचा नियम हा वरवर सौंदर्याचा दिसला, तरी तो मुळात सत्तेचा असतो, हे या इतिहासाने आपल्याला चांगले शिकविले आहे.

यावरचा उतारा म्हणजे नियमांचा त्याग नव्हे. ज्यांनी नियम पाळायचा, त्यांनीच तो एकत्र बसून करायचा, हा खरा उतारा. सहकारी गृहनिर्माणाची चळवळ याच विचारातून जन्मली. त्या चळवळीचे एक अध्वर्यू, श्रीपाद सुब्बराव तालमकी, हे आपल्याच किनाऱ्यावरचे चित्रापूर सारस्वत. मुंबईसारख्या शहरात पोटासाठी आलेल्या मध्यम स्थितीतील माणसाला घरमालकाच्या मर्जीवर राहावे लागू नये, म्हणून त्यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. देशातील अगदी आरंभीच्या अशा संस्थांत तिची गणना होते. ती एका ज्ञातीपुरती होती, ही तिची मर्यादा म्हणावी लागेल. परंतु भाडेकरूच मालक आणि मालकच भाडेकरू, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारक होती. आज गोव्यात २००१ चा सहकारी संस्था कायदा लागू आहे. त्याखाली प्रत्येक सोसायटीला पोटनियम आहेत, सर्वसाधारण सभा आहे, निवडून आलेली व्यवस्थापक समिती आहे. सांगाडा लोकशाहीचा आहे. त्यात प्राण किती आहे एवढाच प्रश्न आहे.

प्रत्यक्षात काय होते? सर्वसाधारण सभेला गणपूर्तीपुरतीही माणसे जमत नाहीत. तीच चार माणसे वर्षानुवर्षे कारभार पाहतात. त्यांच्या कष्टांची कोणी दखल घेत नाही, म्हणून कालांतराने ती हट्टी होतात. गळक्या गच्चीचे काम निधीअभावी पाच-पाच वर्षे रेंगाळते आणि खिडकीत वाळत घातलेल्या लुगड्यावर मात्र तातडीने नोटीस निघते. नव्या बंदिस्त वसाहतींत तर सोसायटी स्थापन होण्याआधीच बिल्डरने नियमांचे चोपडे छापलेले असते, आणि घर घेणारा ते न वाचता त्यावर सही करतो. पापड-सांडगे गच्चीत घालू नयेत, सुकी मासळी वाळवू नये, कामवाल्या बाईने पुढच्या दाराने येऊ नये, भाजीवालीने फाटकाबाहेर थांबावे. या नियमांनी कोणती भिंत टिकते आणि कोणते छप्पर गळायचे थांबते? सुक्या मासळीचा वास ज्याला सोसत नाही, त्याने किनाऱ्यावर घर का घ्यावे, असेही विचारता येईल!

ज्या वसाहतींचे हे अनुकरण आहे त्यांचे मूळ अमेरिकेत आहे; तेव्हा तेथला अनुभव लक्षात घेणे उचित ठरेल. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन नावाची हजारो सारख्या घरांची वसाहत उभी राहिली. तेथे कुंपण घालण्यास मनाई होती, हिरवळ ठराविक मुदतीत कापलीच पाहिजे असा नियम होता, आणि शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत असाही नियम होता. त्याच करारपत्रांत आणखी एक कलम होते: गोऱ्यांखेरीज कोणी तेथे राहायचे नाही. हिरवळीचा नियम आणि वर्णाचा नियम एकाच कागदावर, एकाच शाईने! अशा वर्णभेदी करारांची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला, आणि घरांच्या बाबतीतील भेदभावाला कायद्याने बंदी आली ती १९६८ साली.

आज त्या देशात सात कोटींहून अधिक लोक घरमालकांच्या संघांच्या नियमांखाली राहतात. त्यांत आपली मराठी आणि गोमंतकीय मंडळीही आली. या संघांनी रस्ते, बागा आणि नळ नीट राखले, हे त्यांचे श्रेय. परंतु थकलेल्या वर्गणीपायी घराचा लिलाव करण्यापर्यंत त्यांची सत्ता अनेक राज्यांत जाऊन पोचली आहे. घरावर आपल्याच राष्ट्राचा ध्वज लावता यावा म्हणून तेथील काँग्रेसला कायदा करावा लागला आणि तो २००६ साली अमलात आला. स्वतःच्या अंगणात दोरी बांधून उन्हात कपडे वाळविण्याचा हक्क राखण्यासाठी व्हरमाँट, कोलोरॅडो, फ्लॉरिडा अशा राज्यांनी कायदे केले. स्वातंत्र्याचा एवढा डिंडिम वाजविणाऱ्या देशात, कपडे वाळत घालण्याचे स्वातंत्र्य विधिमंडळाकडून मिळवावे लागते! शासनाच्या जुलमाविरुद्ध जागरूक असणारा नागरिक शेजाऱ्यांच्या समितीपुढे किती सहज मान तुकवितो, याचे हे उदाहरण आपण डोळ्यांपुढे ठेवावे. आपल्याकडेही वारे निराळे नाही. एखाद्या सोसायटीला आपले सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवता येईल, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली एका खटल्यात दिला. कायद्याच्या दृष्टीने तो ग्राह्य आहे. परंतु कायद्याने जे करता येते ते सर्व केलेच पाहिजे असे नाही. अमुक धर्माच्या, अमुक आहाराच्या भाडेकरूला घर देऊ नये, हे कोणत्याही पोटनियमात न लिहिता जे चालते, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

मग नियमाची कसोटी कोणती? आमच्या मते ती साधी आहे. माझ्या घराचे बाह्यांग शेजाऱ्याचा उजेड, वारा, पाणी, वाट किंवा जीव यांना बाधा आणीत असेल, तर समाजाने मला नियम घालून द्यावा आणि तो कठोरपणे अमलात आणावा. ते शेजाऱ्याच्या डोळ्याला खुपत असेल, तर त्याने माझ्याशी बोलावे. आणि ते केवळ माझा धर्म, माझा आहार, माझी गरिबी किंवा माझी चालरीत दाखवीत असेल, तर त्याने दुसरीकडे पाहावे. कोसळू पाहणारा सज्जा पहिल्या वर्गात मोडतो, भडक रंग दुसऱ्या, तर अंगणातली तुळस, दारातला क्रूस आणि दोरीवरचे लुगडे तिसऱ्या. आज आपण पहिल्याकडे काणाडोळा करतो आणि तिसऱ्यावर नोटिसा काढतो, हे सर्व दुखण्याचे मूळ आहे.

या कसोटीवर काही गोष्टी तातडीने करता येतील. कुंपणभिंतीचा परवाना देण्यापूर्वी पंचायतीने जागेची पाहणी करावी. पाण्याचा उतार व चालती वाट नकाशावर दाखविल्याखेरीज परवाना देऊ नये, आणि ती पाहणी ग्रामसभेपुढे ठेवावी. गावच्या म्हाताऱ्या माणसांना ज्या वाटा आठवतात, त्यांची नोंद त्यांच्या हयातीतच व्हावी. उंचीच्या नियमासाठी नवा कायदा नको. एक मोजपट्टी आणि ती लावण्याची हिंमत पुरेशी आहे, मग भिंत आमदाराची असो वा दिल्लीच्या धनिकाची. सोसायट्यांनी आपल्या पोटनियमांतून दुरुस्तीचे नियम आणि आवडीनिवडीचे नियम वेगळे काढावेत. पहिल्यांसाठी निधी बाजूला ठेवावा आणि दुसऱ्यांवर सर्वसाधारण सभेत उघड चर्चा करावी. ज्याच्यावर नोटीस काढायची त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे. बंद घरांच्या वारसदारांनी वाटणी होईपर्यंत निगराणीपुरता एक जबाबदार माणूस नेमावा. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्या हाताखाली मुले शिकतील अशी सोय तंत्रशाळांतून करणे शासनाला अवघड नाही.

सोसायटीत राहणाऱ्या आमच्या वाचकांना एक विनंती वेगळी करावीशी वाटते. पुढल्या सर्वसाधारण सभेला जा. कंटाळवाणी असते म्हणून ती टाळू नका. नियमाविषयी कुरकुर जिन्यात करायची आणि सभेला पाठ दाखवायची, ही गुलामीची जुनी खोड आहे. आपण पाठविलेल्या चार माणसांनी अन्याय केला तर त्यांना विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि चांगले काम केले तर त्यांचे आभार मानण्याचे कर्तव्यही. राज्यकारभाराची लोकशाही चांगली चालावी असे ज्याला वाटते, त्याने आधी आपल्या जिन्याखालच्या नोटीस फलकावरची लोकशाही चालवून दाखवावी.

कुंपण घालू नका असे आम्ही म्हणत नाही. घराला मर्यादा हवी, परसाला आडोसा हवा, गुराला अटकाव हवा. परंतु कुंपणाला दोन बाजू असतात आणि आपण बांधताना फक्त आतल्या बाजूने पाहतो. भिंतीचा शेवटचा थर घालण्यापूर्वी प्रत्येकाने क्षणभर रस्त्यावर जाऊन उभे राहावे. तेथून आपले घर कसे दिसते, आपल्या भिंतीने कोणाची वाट बुजते आणि कोणाच्या दारात पाणी साचते, ते पाहावे. एवढे जर जमले, तर निम्मे नियम करण्याची गरज उरणार नाही. आणि जे उरतील ते पाळणे कोणालाही जड जाणार नाही.